ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन एकाच मिश्रणात मोजताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

द्रावण किती प्रकाश शोषतं यावरून त्यातल्या दोन्ही अमिनो आम्लांची संहती काढण्याचा हा प्रयोग तृतीय वर्षाची मुलं दर पावसाळ्यात करतात आणि दर वर्षी चार-पाच वह्यांमध्ये एखाद्या अमिनो आम्लाची संहती ऋण येते. मुलं घाबरून आकडेमोड पुन्हा करतात, उत्तर तेच येतं. कारण आकडेमोड बहुतेक वेळा बरोबर असते. चूक तिच्या दोन तास आधी झालेली असते: क्युव्हेट (द्रावण भरून मशीनमध्ये ठेवायची छोटी चौकोनी नळी) निवडताना, ब्लँक (अमिनो आम्ल न घातलेलं तुलनेचं द्रावण) बनवताना, नाहीतर नमुना पुरेसा अल्कलीत न नेल्यामुळे. म्हणून या लेखात समीकरणं थोडी आणि तयारी जास्त आहे. गोव्यातल्या महाविद्यालयांत असते तेवढीच साधनं गृहीत धरली आहेत: एक यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, क्वार्ट्झच्या क्युव्हेटची एक जोडी आणि चार दशांशांचा तराजू.

सुरू करण्याआधी: तुमचं मिश्रण या पद्धतीत बसतं का?

हा प्रश्न न विचारताच बरेच जण कामाला लागतात. प्रथिनांत आढळणाऱ्या वीस अमिनो आम्लांपैकी २५० नॅनोमीटरच्या वर नीट दिसेल असा प्रकाश फक्त तीनच शोषतात: ट्रिप्टोफॅन, टायरोसिन आणि फेनिलॲलनिन. त्यातही फेनिलॲलनिन फार दुबळं. त्याचं शिखर २५७ नॅनोमीटरला आहे आणि मोलर शोषण गुणांक, म्हणजे एक मोलर द्रावण एका सेंटिमीटरच्या वाटेत किती शोषतं तो आकडा, सुमारे २०० इतकाच. ट्रिप्टोफॅनचा २८० ला साडेपाच हजारांच्या आसपास असतो, त्यामुळे दोन्ही एकत्र असली की फेनिलॲलनिन त्याच्या सावलीत हरवतं. ग्लायसिन, ॲलनिन, ल्युसिन यांचं तर या पट्ट्यात काहीच दिसत नाही.

तुमच्या मिश्रणात ग्लायसिन आणि ल्युसिन असतील तर ही पद्धत सोडा. निनहायड्रिन घातलं तर जांभळा रंग येतो आणि तो ५७० नॅनोमीटरला मोजता येतो, पण त्यातून सगळ्या अमिनो आम्लांची मिळून बेरीज कळते, प्रत्येकाचं वेगळं प्रमाण कळत नाही. प्रोलिन तर पिवळा रंग देतं आणि त्यासाठी ४४० नॅनोमीटर घ्यावं लागतं. वेगवेगळी संहती हवी असेल तर आधी क्रोमॅटोग्राफीने ती आम्लं वेगळी करा, मग मोजा.

प्रथिनाचं हायड्रोलिसिस करून, म्हणजे ते अमिनो आम्लांपर्यंत फोडून, मोजणार असाल तर आणखी एक गोष्ट. ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात उकळलेल्या प्रथिनातलं ट्रिप्टोफॅन जवळजवळ सगळं नष्ट होतं. त्या द्रावणात ते शोधून शून्य आलं तर प्रथिनात ट्रिप्टोफॅन नव्हतं असा अर्थ होत नाही. ट्रिप्टोफॅन हवं असेल तर हायड्रोलिसिस अल्कलीत करावं लागतं.

सावधान: प्रकल्पासाठी मुलं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सुकी सुंगटां (कोळंबी) आणतात आणि त्यांचा अर्क थेट मशीनमध्ये घालायला बघतात. तसं करू नका. मासळीच्या स्नायूत न्यूक्लिओटाइड आणि त्यांचे तुकडे भरपूर असतात. ते २५० ते २६० च्या आसपास जोरात शोषतात आणि त्यांची शेपूट २८० पर्यंत पोचते. शिवाय खारवलेल्या मासळीत मिठागरातल्या मिठाबरोबर मॅग्नेशियमही येतं. अल्कली घातली की त्याचा पांढरा गाळ बसतो. असा अर्क आधी स्वच्छ करून, घटक वेगळे करूनच मोजायचा. या लेखातली कृती फक्त ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन असलेल्या स्वच्छ द्रावणासाठी आहे.

१. आधी अल्कली, मग मोजमाप

सगळी द्रावणं, म्हणजे स्टँडर्ड (ज्ञात संहतीची द्रावणं), ब्लँक आणि नमुना, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्येच ठेवायची. या पायरीचं कारण समजून घेतलं तर पुढच्या निम्म्या चुका टळतात, म्हणून इथे थोडं थांबते.

दोन पदार्थ, दोन तरंगलांबी, दोन समीकरणं: हे गणित तेव्हाच चालतं जेव्हा दोन्ही पदार्थांचे वर्णपट एकमेकांपेक्षा पुरेसे वेगळे असतात. साध्या पाण्यात तसं नसतं. ट्रिप्टोफॅनचं शिखर २८० जवळ, टायरोसिनचं २७५ जवळ. २७५ ला ट्रिप्टोफॅनचा गुणांक सुमारे ५४०० आणि टायरोसिनचा १४००. २८० ला ५५०० आणि १२००. दोन्ही तरंगलांबींना चित्र जवळजवळ सारखंच. गणित उत्तर देतं, पण वाचनात ०.००५ ची चूक झाली तरी टायरोसिनचा आकडा वीस मायक्रोमोलरहून जास्त हलतो. ऋण संहती इथूनच येते.

टायरोसिनच्या फिनॉल गटाचा पीके, म्हणजे ज्या पीएचला तो गट निम्मा आयनीभूत असतो तो आकडा, सुमारे १०.१ आहे. पीएच १३ ला तो गट पूर्णपणे आयनीभूत होतो, त्याचं शिखर २९३-२९४ पर्यंत सरकतं आणि उंचीही वाढते. ट्रिप्टोफॅन मात्र जवळपास होतं तिथेच राहतं. आता दोन वर्णपट खरोखर वेगळे झाले. तीच ०.००५ ची चूक आता टायरोसिनच्या आकड्यात दीड ते तीन मायक्रोमोलरचाच फरक पाडते. म्हणून आपण २८० आणि २९४ या तरंगलांबी घेतो.

सावधान: प्रथिनांसाठी पुस्तकात दिलेले ट्रिप्टोफॅनचा ५५०० आणि टायरोसिनचा १४९० हे गुणांक इथे वापरायचे नाहीत. ते साखळीत गुंफलेल्या अमिनो आम्लांसाठी आणि अल्कली नसलेल्या द्रावणासाठी आहेत.

२. मशीन आणि क्युव्हेट

ड्युटेरियम दिवा लावून निदान अर्धा तास थांबा. पावसात वीज गेली आणि परत आली तर तो अर्धा तास नव्याने मोजायचा आणि ब्लँकही नव्याने घ्यायचा. वीज येताच घाईने घेतलेली वाचनं पुढच्या दहा मिनिटांत सरकत जातात. ती वहीत सरळ रेषेत बसतही नाहीत, आणि मुलं मात्र दोष पिपेटला देतात.

तरंगलांबी खरी आहे का हे होल्मियम ऑक्साइडच्या फिल्टरने बघा. त्याची शिखरं २८७ आणि ३६१ च्या आसपास दिसायला हवीत, प्रमाणपत्रावर छापलेल्या आकड्यापासून एक नॅनोमीटरच्या आत. हे महत्त्वाचं आहे, कारण २९४ ला ट्रिप्टोफॅनचा वर्णपट उतारावर असतो. तिथे एक नॅनोमीटर इकडेतिकडे झालं की त्याचा गुणांक ठळकपणे बदलतो. बँडविड्थ, म्हणजे मशीन एका वेळी सोडतं त्या तरंगलांबींच्या पट्ट्याची रुंदी, २ नॅनोमीटर किंवा कमी ठेवा.

क्युव्हेट क्वार्ट्झचीच हवी. काच ३२० च्या खाली प्रकाश अडवते, साधं पारदर्शक प्लास्टिक त्याहून आधीच. काचेची आणि क्वार्ट्झची क्युव्हेट दिसायला सारखीच असते, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका.

तपासा: क्युव्हेटमध्ये ऊर्ध्वपातित पाणी भरा, मशीन हवेवर शून्य करा आणि २८० ला वाचन घ्या. क्वार्ट्झ असेल तर ०.१ च्या आसपास किंवा कमी. १ च्या वर गेलं तर ती काच आहे किंवा फार मळलेली आहे. आता जोडीतल्या दोन्ही क्युव्हेटमध्ये तेच पाणी भरून एकमेकींशी तुलना करा. फरक ०.००५ पेक्षा जास्त असेल तर दिवसभर एकच क्युव्हेट वापरा. मी तर एकच वापरते, आणि तिच्या एका बाजूला पेन्सिलीने बाण काढून ठेवते. बाण नेहमी दिव्याकडे. क्युव्हेट उलटी बसली की छोटा पण खरा फरक पडतो.

सावधान: क्युव्हेट ॲसिटोनने धुऊन लगेच वापरू नका. ॲसिटोन स्वतः २६५ ते २८० च्या पट्ट्यात शोषतं. तळाशी एक थेंब राहिला तरी न घातलेलं अमिनो आम्ल दिसू लागतं. पाण्याने तीनदा आणि मग मोजायच्या द्रावणाने दोनदा धुणं पुरेसं आहे.

आणखी एक, आपल्या हवेमुळे. फ्रिजमधून काढलेलं द्रावण थेट क्युव्हेटमध्ये भरलं तर जुलै-ऑगस्टच्या ओलसर हवेत क्युव्हेटच्या बाहेर बाष्प धरतं. पुसलं तरी ते पुन्हा येतं. सगळी द्रावणं अर्धा तास बाकावर ठेवून खोलीच्या तापमानाला आणा आणि मगच भरा.

३. द्रावणं बनवणं

सोडियम हायड्रॉक्साइडपासून सुरुवात करा. ०.१ मोलरसाठी एका लिटरला ४ ग्रॅम. पावसाळ्यात गोळ्या तराजूवर बघता बघता ओल्या होतात आणि वजनात पाणीच मोजलं जातं. त्यामुळे थोड्या जास्त, ४.२ ग्रॅमपर्यंत घेतल्या तरी चालतं. या प्रयोगात संहती अगदी काटेकोर असण्यापेक्षा सगळ्या द्रावणांत ती एकच असणं आणि पीएच १२.५ च्या वर असणं महत्त्वाचं. म्हणून सुरुवातीलाच एक मोठी बाटली, निदान दोन लिटर, बनवा आणि सगळं त्यातूनच वापरा. दोन वेगवेगळ्या दिवशी बनवलेली अल्कली मिसळू नका. पाणी उकळून थंड केलेलं घ्या. बाटली पॉलिथिनची हवी, कारण अल्कली काच हळूहळू खाते. याशिवाय नमुन्यासाठी १ मोलरची २५० मिली वेगळी बनवा. हातमोजे आणि चष्मा लावूनच. ही अल्कली डोळ्यात गेली तर इजा कायमची होऊ शकते.

ट्रिप्टोफॅनचा साठा: २०.४ मिग्रॅ अचूक तोलून ०.१ मोलर अल्कलीत १०० मिलीपर्यंत भरा. ही १ मिलिमोलर संहती झाली. टायरोसिनचा साठा: १८.१ मिग्रॅ, १०० मिलीपर्यंत, त्याच अल्कलीत. तराजू डगमगत असेल तर पाचपट तोला: १०२.१ आणि ९०.६ मिग्रॅ, ५०० मिलीसाठी.

टायरोसिन साध्या पाण्यात विरघळवू नका. २५ अंशांना त्याची विद्राव्यता लिटरला अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी आहे. मुलं ढवळत बसतात, तरी तळाशी पांढरे कण राहतात. मग कुणीतरी ते कण तसेच ठेवून पुढे जातं आणि पुढचा सगळा प्रयोग टायरोसिन कमी दाखवतो. अल्कलीत ते मिनिटभरात विरघळतं.

तपासा: बाटलीवरचं लेबल वाचा, रेणुभारासकट. ट्रिप्टोफॅन २०४.२, टायरोसिन १८१.२. टायरोसिनचं डायसोडियम मीठही बाजारात मिळतं. दोन पाण्याच्या रेणूंसह त्याचा रेणुभार २६१.२ आहे. ते साधं टायरोसिन समजून तोललं तर संहती तीस टक्के कमी होते आणि हा घोटाळा नंतर शोधणं फार कठीण जातं.

ट्रिप्टोफॅनला उजेड आणि हवा दोन्ही सोसत नाहीत. फ्लास्कला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळा. साठा त्याच दिवशी वापरून संपवा. पिवळसर छटा दिसली तर टाकून द्या, गाळून वापरू नका.

४. ब्लँक

ब्लँक म्हणजे पाणी नव्हे, तुमचीच ०.१ मोलर अल्कली. नमुन्यात आणखी काही, म्हणजे बफर किंवा मीठ असेल, तर ब्लँकमध्येही तेवढंच हवं. नमुना प्लास्टिकच्या नळीत ठेवला असेल तर त्याच प्रकारच्या नळीत अल्कली तितकाच वेळ ठेवून तीच ब्लँक म्हणून वापरा. काही नळ्यांमधून २६० ते २८० ला शोषणारे पदार्थ सुटतात आणि ब्लँकने ते वजा व्हायला हवेत.

प्रत्येक द्रावणाचं ३४० नॅनोमीटरलाही वाचन घ्या. ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन तिथे काहीच शोषत नाहीत. त्यामुळे तिथे दिसेल तो गढूळपणा, बोटाचा ठसा किंवा मशीनचा सरकलेला शून्य असतो. ते वाचन २८० आणि २९४ च्या आकड्यांतून वजा करा.

सावधान: ३४० चं वाचन ०.०२ पेक्षा जास्त असेल तर वजाबाकी करून पुढे जाऊ नका. गढूळ द्रावणातून प्रकाश विखुरतो आणि हे विखुरणं लहान तरंगलांबीला वाढतं. म्हणजे ३४० ला दिसतं त्याहून २८० ला जास्त असतं. द्रावण ०.४५ मायक्रॉन फिल्टरमधून गाळा, पहिले दोन मिली टाकून द्या आणि पुन्हा मोजा.

५. स्टँडर्ड: गुणांक स्वतः काढा

१९४६ साली गुडविन आणि मॉर्टन यांनी याच अल्कलीत २८० आणि २९४.४ नॅनोमीटरवर ही पद्धत मांडली. तेव्हापासून तयार सूत्रं वह्यांतून वह्यांत उतरत आली आहेत. ती उचलून वापरू नका. तुमच्या मशीनची बँडविड्थ, तुमची क्युव्हेट आणि तुमची अल्कली यांचे गुणांक तुमचेच असतात. ते काढायला एक तास लागतो, आणि सगळ्या प्रयोगात हा तास मला सर्वांत मोलाचा वाटतो.

ट्रिप्टोफॅनच्या साठ्यातून १, २, ३, ४ आणि ५ मिली घेऊन प्रत्येकी ५० मिली करा: २० ते १०० मायक्रोमोलर. टायरोसिनच्या साठ्यातून २, ४, ६, ८ आणि १० मिली: ४० ते २०० मायक्रोमोलर. भर सगळीकडे त्याच अल्कलीची. प्रत्येक द्रावण २८०, २९४ आणि ३४० ला मोजा, कमी संहतीकडून जास्त संहतीकडे जात. तोच क्रम ठेवा म्हणजे आधीच्या द्रावणाचा अंश पुढच्याला फार बिघडवत नाही.

आता चार आलेख काढा: प्रत्येक पदार्थ, प्रत्येक तरंगलांबी. उतार म्हणजे गुणांक, लिटर प्रति मोल प्रति सेंटिमीटर या एककात.

तपासा: रेषा शून्यातून, निदान ०.०१ च्या आत गेली पाहिजे. ट्रिप्टोफॅनचा २८० चा गुणांक पाच हजारांच्या थोडा वर आणि टायरोसिनचा २९४ चा २३०० ते २४०० च्या आसपास यायला हवा. याहून फार वेगळा आला तर पुढे जाऊ नका, आधी साठ्याचं वजन आणि लेबल पुन्हा बघा. सगळ्यात वरचा बिंदू रेषेखाली वाकत असेल तर द्रावण फार घट्ट आहे किंवा मशीनमध्ये भटका प्रकाश आहे. मापनाचा पट्टा ०.१ ते १ च्या मध्येच ठेवा.

६. ज्ञात मिश्रण: ही पायरी वगळू नका

इथे मुलं थेट अज्ञात नमुन्याकडे उडी मारतात. वेळ नाही, बस चुकेल, अशी कारणं असतात, मला ती कळतात. पण या अर्ध्या तासाशिवाय तुमच्या उत्तराला कशाचाही आधार नसतो.

दोन्ही साठ्यांतून तीन मिश्रणं करा, प्रत्येकी ५० मिली. पहिलं: ४ मिली ट्रिप्टोफॅन, २ मिली टायरोसिन. दुसरं: २ आणि ४. तिसरं: १ आणि ८. अपेक्षित संहती अनुक्रमे ८० व ४०, ४० व ८०, २० व १६० मायक्रोमोलर. ही मिश्रणं शेजारच्या गटाने बनवून क्रमांक घालून तुम्हाला दिली, तर अजून चांगलं.

मोजा, सोडवा (सूत्र पायरी ८ मध्ये आहे), ताडून बघा. पहिल्या दोन मिश्रणांत तीन टक्क्यांच्या आत यायला हवं. तिसऱ्यात ट्रिप्टोफॅन फार थोडं आहे, तिथे पाच टक्के चालतील.

चुकलं तर चुकीचा आकार बघा, तो बरंच सांगतो. दोन्ही संहती सारख्याच टक्क्यांनी वर किंवा खाली असतील तर बहुधा मिश्रणाचं विरलन चुकलं: फ्लास्क चिन्हापर्यंत भरला नाही, किंवा पिपेट. एकच पदार्थ तिन्ही मिश्रणांत सारख्याच प्रमाणात चुकत असेल तर त्याच्या आलेखाची द्रावणं पुन्हा बनवा. दोघांची बेरीज बरोबर पण वाटणी चुकलेली, म्हणजे एक वाढलं आणि दुसरं तेवढंच घटलं, तर बहुधा २८० चं वाचन किंवा मशीनची तरंगलांबी सरकली आहे.

७. अज्ञात नमुना

नमुना फ्रिजमध्ये होता का? मग बाटलीच्या तळाशी उजेडात नीट बघा. टायरोसिन थंडीत बारीक पांढऱ्या सुयांच्या रूपात खाली बसतं. वरचंच द्रावण पिपेटने घेतलं तर टायरोसिन हरवतं. नमुना खोलीच्या तापमानाला आणा, हलवा, तरीही कण राहिले तर थोडा कोमट करा. विरघळल्याशिवाय एक थेंबही काढू नका.

मग ५ मिली नमुना, ५ मिली १ मोलर अल्कली आणि ५० मिलीपर्यंत पाणी. हे दहापट विरलन झालं आणि शेवटची अल्कली ०.१ मोलर.

सावधान: नमुना आम्लात असेल तर हा हिशेब कोसळतो. ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लातल्या ५ मिली नमुन्यात ३० मिलिमोल आम्ल आहे, तुम्ही घातलेल्या अल्कलीत फक्त ५. द्रावण आम्लीच राहतं, टायरोसिन आयनीभूत होत नाही, २९४ ला जवळजवळ काही दिसत नाही आणि टायरोसिन शून्य किंवा ऋण येतं. आधी उदासीन करा आणि मग अल्कली घाला. उदासीन करताना वाढलेलं घनफळ वहीत लिहून ठेवा.

तपासा: विरल केलेल्या द्रावणाचा एक थेंब पीएच कागदावर टाका. रंग १३ ला जुळला पाहिजे. सगळ्या लेखातली ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे आणि सर्वांत जास्त वेळा हीच राहून जाते.

एकाच क्युव्हेटची तीन वाचनं घेणं म्हणजे तीन मोजमापं नव्हेत. नमुन्याची तीन स्वतंत्र विरलनं करा. पिपेटची चूक फक्त त्यातूनच दिसते.

८. आकडेमोड

इथे फार वेळ लागत नाही. समजा तुमच्या आलेखांवरून हे गुणांक आले. ट्रिप्टोफॅन: २८० ला ५२३०, २९४ ला २३८०. टायरोसिन: २८० ला १५८०, २९४ ला २३७०. नमुन्याची वाचनं: २८० ला ०.४०५, २९४ ला ०.३८६, ३४० ला ०.००६.

वजाबाकीनंतर २८० चं ०.३९९ आणि २९४ चं ०.३८०.

छेद = (५२३० × २३७०) − (१५८० × २३८०) = ८६,३४,७००

ट्रिप्टोफॅन = (०.३९९ × २३७० − ०.३८० × १५८०) ÷ छेद = ३४५.२३ ÷ ८६,३४,७०० = ४०.० मायक्रोमोलर

टायरोसिन = (०.३८० × ५२३० − ०.३९९ × २३८०) ÷ छेद = १०३७.७८ ÷ ८६,३४,७०० = १२०.२ मायक्रोमोलर

दहापट विरलन होतं. म्हणून मूळ नमुन्यात ट्रिप्टोफॅन ०.४०० मिलिमोलर, लिटरला ८२ मिग्रॅ, टायरोसिन १.२०२ मिलिमोलर, लिटरला २१८ मिग्रॅ. ३४० ची वजाबाकी विसरला असता तर टायरोसिन दोन मायक्रोमोलरने जास्त आलं असतं.

मधल्या पायऱ्यांत आकडे गोल करू नका. इथे दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी आहे. ०.३९९ ला ०.४० करून पुढे गेलात तर उत्तराचा तिसरा अंक लगेच बदलतो. गोल करायचं ते शेवटी.

९. उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी

पहिली तपासणी मिनिटभराची. २९४ च्या जवळ दोन्ही पदार्थांचे गुणांक जवळजवळ सारखे असतात, वरच्या उदाहरणात २३८० आणि २३७०. म्हणजे २९४ चं वाचन २३७५ ने भागलं की दोघांची बेरीज सरळ मिळते: ०.३८० ÷ २३७५ = १६० मायक्रोमोलर. आपली उत्तरं ४०.० आणि १२०.२, बेरीज १६०.२. जुळलं. बेरीज जुळत नसेल तर गणितात चूक आहे, मशीनकडे बघू नका.

दुसरी तपासणी तिसऱ्या तरंगलांबीची. स्टँडर्ड मोजतानाच २७० चे गुणांकही काढून ठेवा. मिळालेल्या दोन संहतींवरून २७० ला किती वाचन यायला हवं ते काढा आणि प्रत्यक्ष मोजा. फरक ०.०१ च्या वर असेल तर नमुन्यात तिसरा कुणीतरी शोषणारा आहे: न्यूक्लिओटाइड, क जीवनसत्त्व, एखादं परिरक्षक. अशा वेळी दोन समीकरणांचं उत्तर कितीही सुबक दिसलं तरी ते खरं नाही. शक्य असेल तर २४५ ते ३४५ चा पूर्ण वर्णपट काढून ज्ञात मिश्रणाच्या वर्णपटावर ठेवून बघा. डोळ्यांना जो फुगवटा दिसतो तो दोन आकड्यांत लपून जातो.

तिसरी, नमुना अनोळखी असेल तर आवर्जून करायची: नमुन्याच्या ५ मिलीत १ मिली ट्रिप्टोफॅनचा साठा घालून तेच विरलन पुन्हा करा. ट्रिप्टोफॅनची संहती २० मायक्रोमोलरने वाढायला हवी आणि टायरोसिनची तिथेच राहायला हवी. वाढ १९ ते २१ च्या मध्ये आली तर पद्धत या नमुन्यात चालते आहे. टायरोसिनचा आकडाही हलला तर वाटणी बिघडलेली आहे, पायरी ६ कडे परत जा.

वहीत उत्तराबरोबर हे लिहा: चारही गुणांक, ३४० ची वाचनं, तीन विरलनांची तीन वेगळी उत्तरं, पीएच कागदाचा रंग. फक्त सरासरी लिहिलेली वही मला तपासता येत नाही, आणि पुढच्या आठवड्यात ती तुम्हालाही उलगडणार नाही.

काम संपलं की क्युव्हेट लगेच रिकामी करा. अल्कली रात्रभर आत राहिली तर क्वार्ट्झच्या पृष्ठभागाला इजा होते आणि महागाची जोडी वाया जाते. पाण्याने तीनदा धुवा, विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने एकदा, पुन्हा पाण्याने. उलटी ठेवून वाळवा आणि कोरड्या पेटीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. पावसाळ्यात पुडी गुलाबी झाली की ओव्हनमध्ये निळी होईपर्यंत तापवून पुन्हा ठेवायची.